मोर्चा आणि शासन निर्णय यांच्यामधली रिकामी जागा

दरवर्षी डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते आणि त्याच्या मागोमाग शिक्षकांचे मोर्चे येतात. १९५३ च्या नागपूर करारातून हे अधिवेशन या शहराच्या वाट्याला आले, आणि यशवंत स्टेडियमवरून निघून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ पोलिसांच्या कठड्यांपाशी थांबलेला शिक्षकांचा जमाव शहराच्या सवयीचा झाला. ‘कायम विनाअनुदानित’ (सरकारी अनुदान कधीच न मागण्याच्या अटीवरच्या) शाळांच्या कपाळावरचा ‘कायम’ हा शब्द २००९ साली पुसला गेला, तरी पूर्ण पगाराची वाट पाहणारे शिक्षक अनुदानाच्या पुढच्या टप्प्यासाठी येतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेले जुन्या पेन्शनसाठी येतात. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटते, निवेदन दिले जाते, आश्वासन मिळते आणि रात्रीच्या गाड्यांनी माणसे आपापल्या जिल्ह्यांत परततात. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत बोलणे उलट दिशेने चालते. मुंबईत शासन निर्णय निघतो, पुण्याहून परिपत्रक येते, ते जिल्हा परिषदेतून पंचायत समितीत, तिथून केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे ‘केंद्रा’वर, देखरेख करणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप गटावर आणि अखेर एखाद्या दोनशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाच्या मोबाइलवर पोहोचते.

नागपूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तीन दशके शिकवले, आणि वर सांगितलेल्या मोर्चांपैकी काहींत मी स्वतः चाललो आहे. त्यातल्या बहुतेक मागण्या न्याय्य होत्या असे मला आजही वाटते. पण त्या सगळ्या वर्षांत निर्णय होण्यापूर्वी, त्याचा मसुदा समोर ठेवून, हे वर्गात कसे उतरेल असे प्राथमिक शिक्षकाला विचारणारे एकही नियमित व्यासपीठ मला दिसले नाही. एका टोकाला घोषणा आणि दुसऱ्या टोकाला आदेश आहे. मधे जिथे शासन आणि शिक्षक यांनी एकत्र बसायला हवे ती जागा रिकामी आहे. त्या रिकामेपणाची किंमत ना मंत्री देतो ना संघटनेचा पदाधिकारी; ती देतो ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत आणि ज्याला सरकारी शाळेखेरीज दुसरी शाळा नाही असा मुलगा किंवा मुलगी. ही जागा भरल्याशिवाय समान आणि चांगल्या शिक्षणाची कोणतीही योजना महाराष्ट्रात तग धरणार नाही, हे मला या लेखात मांडायचे आहे.

अगदी अलीकडचे आणि विदर्भाच्या अंगाशी आलेले उदाहरण घेऊ. २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत चालवणारे एकच वेळापत्रक राज्यभर लागू झाले. त्यामागचा हेतू चुकीचा नव्हता. परीक्षा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला उरकल्या की मुले शाळेत येणे थांबवतात आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात, ही तक्रार खरी आहे. शिक्षकांनीही ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४४ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराच्या खोलीत, पंखा असलाच तर वीज नसताना, घरून बाटलीत आणलेले पाणी दहा वाजेपर्यंत संपलेले असताना आठ वर्षांच्या मुलीने उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिणे म्हणजे काय, हे नागपूर विभागातल्या कोणत्याही शिक्षकाने दोन मिनिटांत सांगितले असते. त्याने हेही सांगितले असते की विदर्भातल्या शाळा याच उन्हामुळे जूनमध्ये उर्वरित राज्यानंतर उघडतात, म्हणजे या प्रदेशाचे ऊन वेगळे आहे हे शासनाला ठाऊक आहे आणि ते शासनाच्याच वेळापत्रकात आहे. आणि मग त्यानेच पर्याय सुचवला असता: विदर्भापुरती परीक्षा आधी घ्या, परीक्षेनंतर सकाळी दोन तास वाचनाचे वर्ग ठेवा आणि त्यांची उपस्थिती मोजा. शासनाकडे उद्दिष्ट होते, शिक्षकाकडे माहिती होती. दोन्ही एकाच टेबलावर आले नाहीत, म्हणून उद्दिष्ट वादात बुडाले आणि माहिती वृत्तपत्रांतल्या निवेदनांत राहिली.

हे एकदाच घडलेले नाही. २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राज्यपातळीवरून राबवली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. या प्रश्नांवर कोणाचे मत काय हा मुद्दा बाजूला ठेवू. पण पहिलीच्या वर्गात किती भाषा, कोणत्या वयात आणि किती तासिका, हा प्रश्न मुळात वर्गातला आहे. गोंडी किंवा हलबी घरातून येणाऱ्या मुलाला मराठी हीच शाळेतली नवी भाषा असते हे त्याच्या शिक्षिकेला माहीत असते. तिला विचारण्याची पद्धत असती तर निर्णय करून मागे घेण्याची वेळ कदाचित आलीही नसती.

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र लहान शाळांचा आहे, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे दोन्ही बाजूंचे अपुरेपण सारखेच दिसते. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या जागी समूह शाळा (अनेक लहान शाळांतील मुलांना एकत्र आणणारी एकच शाळा) उभारण्याचा विचार शासनाने पुढे केला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटानुसार शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या) निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे धोक्यात आली, सप्टेंबरात अशा शाळांवर कंत्राटी नेमणुकांची वाट मोकळी झाली, आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातले प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर जाऊन रस्त्यावर उतरले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. रामटेक तालुक्यात देवलापारच्या पलीकडे, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांत जो फिरला आहे त्याला ही एका किलोमीटरची अट कागदी वाटणार नाही. शाळा पाच किलोमीटरवर गेली आणि बसची व्यवस्था दुसऱ्या वर्षी बंद पडली, तर शाळा सुटते ती आधी मुलीची. म्हणून लहान शाळा खर्चिक आहेत एवढ्या कारणावरून त्या गुंडाळण्याला माझा विरोध आहे आणि राहील.

पण आम्ही शिक्षकांनी त्या वेळी काय मांडले? शाळा बंद करू नका, पदे कमी करू नका. दोन्ही मागण्या बरोबर, आणि दोन्ही अपुऱ्या. नऊ मुलांच्या, चार इयत्तांच्या शाळेत एक शिक्षक असताना मुलांचे शिक्षण चांगले कसे होईल, या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी द्यायला हवे होते, कारण ते दुसऱ्या कोणाला देता येण्यासारखेच नाही. बहुवर्ग अध्यापन हे कौशल्य आहे. चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलीला वाचून दाखवतो तेव्हा दोघेही शिकतात, आणि एकाच गोष्टीवर तीन पातळ्यांचे काम देता येते; जुन्या एकशिक्षकी शाळांतल्या गुरुजींनी हे वर्षानुवर्षे केले, पण त्याचे रीतसर प्रशिक्षण, त्यासाठीची पुस्तके, केंद्रातल्या तीन-चार लहान शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र येण्याची सोय, यांचा आराखडा कोणत्याही संघटनेच्या निवेदनासोबत मी पाहिला नाही. शासनाने शाळेकडे पटसंख्या म्हणून पाहिले आणि आम्ही पद म्हणून; त्या नऊ मुलांच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी उरले नाही.

बदल्यांचेही तसेच आहे. २०१७ मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने सुरू झाल्या आणि वशिल्याचा मोठा बाजार आटोक्यात आला. ही शासनाची खरी कामगिरी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करावी. त्या धोरणाने शाळा सर्वसाधारण आणि अवघड अशा दोन क्षेत्रांत विभागल्या, आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढणाऱ्याला बदली मागण्याचा अधिकार दिला. शिक्षकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण जी मुले अवघड क्षेत्रातच जन्मली त्यांना कोणती बदली मिळते? ज्या शाळेत शिक्षक तीन वर्षांनी जातो तिथे नवा माणूस मुलांची भाषा समजून घेईपर्यंत एक वर्ष सरते. अनुभवी शिक्षकाला तिथे पाच-सहा वर्षे राहावेसे वाटेल असे काय करता येईल, घर, भत्ता, मुलांच्या शिक्षणाची सोय, पदोन्नतीत गुण, याबद्दल संघटनांनी आपणहून प्रस्ताव द्यावा. आपल्या सभासदांची सोय आणि सर्वांत मागे असलेल्या मुलाचे हित एकमेकांशी भिडतात तेव्हा संघटनेने काय केले, यावरून समाज तिची किंमत करतो.

शासनाच्या बाजूची थकबाकी याहून मोठी आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम स्पष्ट सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कोणत्याही बिगरशैक्षणिक कामावर लावता येणार नाही. तरीही ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा देत शिक्षकांना रस्त्यावर यावे लागले. वेगवेगळ्या पोर्टलवर तीच माहिती पुन्हा पुन्हा भरणे, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, मतदारयादीचे बारमाही काम, कार्यक्रम झाल्याचे छायाचित्र त्याच दिवशी पाठवणे. यांतले प्रत्येक काम अर्ध्या तासाचे वाटते आणि दोनशिक्षकी शाळेत ते सगळे मिळून एका वर्गाचा शिक्षक घेऊन जातात. शहरातल्या मोठ्या खाजगी शाळेत हे काम कार्यालयातला कारकून करतो. म्हणजे अशैक्षणिक कामाचा भार गरीब मुलाच्या अध्यापनाच्या वेळेतून वसूल होतो, आणि म्हणून मी त्याला शिक्षकाच्या गैरसोयीपेक्षा समतेचा प्रश्न मानतो. ग्रामीण मुलांची वाचन-गणिताची पातळी तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. वाचन शिकवायला दुसरी-तिसरीच्या वर्गात शिक्षक सलग दीड तास मुलांसोबत बसावा लागतो. तो दीड तास आधी त्याच्या हातात द्या, आणि मग निकालाचा जाब अवश्य विचारा.

शिक्षकांना विधान परिषदेत प्रतिनिधित्व आहे, मग ऐकले जात नाही असे कसे म्हणता, असे कोणी विचारील. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत सात आमदार शिक्षक मतदारसंघांतून येतात. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांचा एक मतदारसंघ त्यांत आहे. पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात हा मताधिकार माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतील शिक्षकांना दिलेला आहे. म्हणजे पहिलीत अक्षर ओळखायला शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या प्राथमिक शिक्षिकेला शिक्षक आमदार निवडण्याचा अधिकारच नाही. शिक्षणाचा पाया जिथे घातला जातो तेथील शिक्षक, आणि तेही प्रामुख्याने गरिबांच्या मुलांना शिकवणारे, या एकमेव घटनात्मक व्यासपीठावरून वगळले गेले आहेत. शिक्षक आमदारांच्या प्रश्नांत वेतन, अनुदान आणि संचमान्यता यांना प्राधान्य मिळणे त्यामुळे समजण्यासारखे आहे. त्यांचे मतदार तेच प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जातात. घटनादुरुस्ती दूरची गोष्ट आहे, पण प्राथमिक शिक्षकासाठी दुसरे दार राज्याला स्वतःच्या कायद्याने उघडता येते.

असे दार कधीकाळी उघडले गेले होते, आणि नागपूरपासून ७५ किलोमीटरवर. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी अध्यक्ष होते, प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि प्रत्यक्ष शिक्षणकार्य करणारी माणसे एकत्र बसली, आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अभ्यासक्रमासह अहवाल सादर केला. त्या काळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते आणि शिक्षणमंत्री रविशंकर शुक्लांची खेड्यांत शाळा काढण्याची विद्यामंदिर योजना याच प्रांतात आकाराला येत होती. त्या परिषदेतून आलेली नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याची पद्धत, पुढे का मागे पडली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझ्या मुद्द्यापुरते एवढे पुरेसे आहे की सत्ता हातात आलेल्या माणसांना शाळा चालवणाऱ्यांसोबत बसणे कमीपणाचे वाटले नाही. अलीकडच्या काळात पाहायचे तर सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले (शाळांच्या एका प्रशासकीय गटातले) शिक्षक घ्या. त्यांनी आपल्या विस्तार अधिकाऱ्यांच्या साथीने वर्गांत ज्ञानरचनावादी पद्धती (मुलाने स्वतः करून, अनुभवातून शिकण्याची) रुजवली, राज्यभरातून शिक्षक ती पाहायला गेले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्या कामाचा आधार मिळाला. अनेक जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी मुलांना त्यांवर खेळत शिकता यावे म्हणून स्वतःच्या पैशाने वर्गखोल्यांच्या फरश्या रंगवल्या त्या आदेशामुळे नव्हे; आपल्यासारख्याच शिक्षकाने हे केले आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

जगातही हा विचार नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि युनेस्को यांनी १९६६ सालीच शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या शिफारशीत शिक्षक संघटनांना शैक्षणिक धोरण ठरवण्यात सहभागी करून घ्यावे असे म्हटले. त्या शिफारशीच्या ५ ऑक्टोबर या तारखेलाच पुढे जागतिक शिक्षक दिन ठरला. २०११ मध्ये न्यूयॉर्कला शिक्षणमंत्री आणि शिक्षक संघटनांचे नेते एकत्र बोलावणारी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. आपल्याकडे फिनलंडचे दाखले फार दिले जातात. मला कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यात यशासोबत ठेचही आहे. तिथे २००३ नंतरच्या सरकारने संघटनांशी भांडण मिटवून नियमित चर्चेची यंत्रणा उभी केली, आणि शालान्त टप्पा पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांवरून दशकभरात ८३ टक्क्यांपर्यंत गेले. मग २०१२ मध्ये त्याच सरकारने पैशाच्या टंचाईत कायदा करून वेतनकरार लादला, संप झाले, शाळाबाह्य उपक्रम थांबले आणि पुढे न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. दहा वर्षांत जमलेला विश्वास एका वर्षात विस्कटला. सहकार्य मंत्र्याच्या सद्भावनेवर सोडले तर ते तिच्याइतकेच टिकते. त्याला कायद्याचा आधार हवा.

म्हणून माझी मागणी कायद्याने स्थापन झालेल्या राज्य आणि जिल्हा शिक्षण परिषदांची आहे, ज्यांत निम्मे सदस्य प्रत्यक्ष वर्गात शिकवणारे असतील, त्यांत प्राथमिक शिक्षकांचा वाटा पटाच्या प्रमाणात असेल, आणि शाळा व्यवस्थापन समित्यांमधले पालकही असतील. या समित्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो; त्यांच्या अनुभवाचा उपयोग आज सहीपुरता होतो. अध्यापनाशी संबंधित कोणताही शासन निर्णय लागू होण्यापूर्वी महिनाभर या परिषदांसमोर यावा, आणि त्यांची सूचना नाकारली तर का नाकारली ते शासनाने लेखी सांगावे. त्याबदल्यात संघटनांनी मुलांची वाचन-गणिताची पातळी हा आपला विषय मानावा, शाळानिहाय आकडे पालकांसमोर ठेवण्यास विरोध करू नये आणि आपल्यातल्या अपप्रवृत्तींबद्दल गप्प बसू नये. २०२५ मध्ये नागपुरात बनावट शालार्थ आयडीचे (शिक्षकांच्या सरकारी पगारप्रणालीतील ओळख क्रमांकांचे) प्रकरण उघडकीस आले, शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि सगळ्या राज्यात या शहराचे नाव नको त्या कारणाने गेले. खरा गुन्हेगार कोण ते न्यायालय ठरवील. पण अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या तरुणांसाठी त्या वेळी सर्वांत मोठा आवाज शिक्षक संघटनांचा असायला हवा होता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटते, मी ते समजू शकतो. तरीही निवेदने आणि फेरविचार याचिकांच्या जोडीने, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आणि संघटना मिळून तालुक्यातालुक्यांत अभ्यासवर्ग चालवू शकतात, आणि बालमानसशास्त्राची ती उजळणी वर्गात वाया जाणार नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल. नागपूर जिल्हा परिषदेला मात्र मुंबईची वाट न पाहता एक सुरुवात करता येईल. प्रत्येक केंद्रात दरमहा ‘शिक्षण परिषद’ या नावाची शिक्षकांची बैठक भरते. आज तिथे वरून आलेल्या सूचना वाचून दाखवल्या जातात आणि उपस्थितीची सही होते. त्याच बैठकीत प्रत्येक केंद्राने शिकवण्याच्या आड येणारी एक अडचण आणि जमलेला एक प्रयोग लेखी नोंदवावा, आणि जिल्हा परिषदेने, तिथे निवडून आलेली शिक्षण समिती असो की प्रशासक, पुढच्या महिन्याच्या बैठकीपूर्वी प्रत्येक नोंदीला लेखी उत्तर द्यावे. नाही म्हणायचे असेल तर कारणासह नाही म्हणावे. नरखेडच्या केंद्राला भिवापूरच्या केंद्राचे उत्तर वाचता यावे म्हणून ती उत्तरे सर्वांसाठी खुली ठेवावीत. यासाठी नवे पद नको, निधी नको आणि नवे पोर्टल तर मुळीच नको. जून महिन्यात शाळा उघडतील तेव्हाच्या पहिल्या शिक्षण परिषदेपासून हे सुरू करता येईल.